लांबून बघायची जर

"ताई, हे जवळून बघायचंय का लांबून?"

भुलेश्वरच्या तिसऱ्या भोईवाड्यातल्या एका दुकानात मी कलाबतू, म्हणजे भरतकामाची जर, मागितली, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी सगळ्यात आधी हे विचारलं. किती हवी, खरी की नकली, पिवळी की पांढरी, हे सगळं नंतर. दुकान म्हणजे गल्लीत उघडणारी एक अरुंद फट. छतापर्यंत खोके रचलेले आणि प्रत्येक खोक्यावर आतल्या मालाचा एकेक नमुना टाचलेला. शेजारच्या दुकानात ठाकुरजींचे वाघे, म्हणजे बाळकृष्णाच्या मूर्तीचे झगे, टांगलेले होते, वीतभर लांबीचे, गुलाबी आणि मोरपिशी, आणि त्या एवढ्याशा झग्यांनाही दोन्ही काठांना गोटा. मी म्हटलं, नमनातल्या गणपतीचा मुकुट भरायचाय. नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य. काकांनी मान डोलावली, हातातलं रीळ परत खोक्यात टाकलं आणि वरच्या फळीवरून दुसरं काढलं. जाड, ढोबळ, नुसत्या डोळ्यांनी पीळ मोजता येईल असं. "स्टेजचं काम आहे ना, मग हे घ्या. ते बारीक आहे, लांबून मरून जातं." मी दोन्ही घेतली, तारेचा सलमा आणि मोठ्या टिकल्या घेतल्या, पैसे दिले आणि निघाले. गल्लीत हातगाड्या, डोक्यावर ठाण घेतलेले हमाल, फुलांचा आणि तळणाचा एकत्र वास. मुंबादेवीपर्यंत चालत आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. सोंग बघणारी माणसं लांब बसतात, हे खरंच आहे. पण ते भरणारी मी त्याच्यापासून वीतभरावर बसणार होते आणि ज्याच्या डोक्यावर ते चढणार, तो तर त्याच्या आतच असणार होता. मग अंतर नक्की कुणाचं धरायचं?

हा मुकुट माझ्या आत्याने भरलेला. लालबागच्या चाळीतली खोली, एकच पलंग. आतोबा पाळीवर गेले की पलंग रिकामा व्हायचा आणि आत्या त्यावर मखमलीचा तुकडा ताणून बसायची. आमच्या गावच्या मंडळाचं नमन तेव्हा जोरात होतं. शिमग्याला अर्धी चाळ गावाला जायची आणि बाकीच्या वर्षात मुंबईतच कुठल्या तरी वाडीत, पटांगणात खेळ व्हायचे. गण, गवळण, वग. गणपती आणि रिद्धी-सिद्धी, संकासुर, मग रावण. मंडळाकडे पैसे कायमच बेताचे, त्यामुळे सोंगं घरीच तयार व्हायची. मातीचा साचा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायच्या. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. मुखवटे गॅलरीत वाळत घातलेले असायचे, डोळ्यांच्या जागी भोकं, तोंडावर उलटसुलट मथळे, आणि शाळेतून येताना मला त्यांच्या समोरून जायची भीती वाटायची. वाळले की सफेदा, रंग, आणि वर बहुतेक ठिकाणी बेगड. आत्याला बेगड आवडत नसे. बेगड एकाच बाजूने चमकते आणि सोंगाने मान वळवली की विझते, असं तिचं म्हणणं. "जर बघ, माणूस हलला की जर पण हलते, बाय." संकासुराला मात्र ती जरीचा एक धागा लावू द्यायची नाही. आमच्याकडचा संकासुर सगळा काळा, पांढरी दाढी, कमरेला घंटा. त्याने काळोखातून यायचं, घंटा आधी ऐकू यायच्या आणि मग तो दिसायचा. चमकला तर आधीच कळेल, मग पोरं घाबरतील कशाला?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मंडळातली बरीच माणसं गावी गेली ती परत आलीच नाहीत आणि नमनाची पत्र्याची ट्रंक आत्याच्या पलंगाखाली राहिली. ती दर दिवाळीला ट्रंक उघडायची, कपडे उलटे करून वाऱ्यावर टाकायची, पुन्हा धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवायची. डांबराची गोळी जरीच्या जवळपास येऊ द्यायची नाही, घड्या दर वेळी वेगळ्या जागी घालायच्या, नाहीतर जर घडीवर तुटते. आत्या गेली, खोली गेली, ट्रंक माझ्याकडे परळला आली. आता माझ्या बहिणीचा मुलगा आणि त्याच्या वयाची पोरं मंडळ पुन्हा उभं करतायत. कुणी बँकेत आहे, कुणी कुरिअरच्या ऑफिसात, एक जण मेट्रोच्या कामावर. रात्री दहानंतर तालमी. भाचा ट्रंकेतून मुकुट उचलून म्हणाला, "मावशी, एवढा चमकवून दे ना. मोबाइलवर घेतला तरी चमकला पाहिजे."

मुकुट खिडकीशी नेऊन पाहिला. चमक कुठेच नव्हती, पण सगळीकडची मरगळ एकसारखीही नव्हती. समोरच्या कमळावर, दोन्ही कानांवरच्या मोरांवर आणि शिखरावर जर हिरवट झाली होती. काही ठिकाणी तर मखमलीवरही हिरवी छटा उतरलेली. आतल्या काठाला मात्र, जिथे मुकुट कपाळाला टेकतो तिथे, एक बोटभर रुंदीची पट्टी होती आणि ती हिरवी नव्हती, काळी होती. काजळासारखी काळी नाही. जुन्या चांदीच्या निरांजनावर खाचांत साचतं ना, तसलं काळपट. मी ओल्या कापसाचा बोळा तिच्यावरून फिरवला, काही गेलं नाही. मऊ फडक्याने अगदी हलक्या हाताने घासलं तेव्हा एक टिंबाएवढी जागा उजळली आणि आतून पांढरं, मग थोडं पिवळं दिसलं.

जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली तार. खऱ्या जरीत तार चांदीची असते, तिच्यावर सोन्याचं पाणी, आणि आतला धागा रेशमाचा. चांदीची कांब बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत केसापेक्षा बारीक करायची, मग रुळांमध्ये दाबून चपटी करायची. हा झाला बादला. तो रेशमावर असा गुंडाळायचा की आतलं रेशीम दिसता कामा नये. सुरतेत हे काम कित्येक पिढ्या चाललंय आणि भुलेश्वरच्या खोक्यांतला बराचसा माल तिथूनच येतो. नकली जरीत चांदीच्या जागी तांबं, वर चांदीचा पातळ थर. आणि आता सगळीकडे मिळते ती तिसरी, प्लास्टिकच्या पातळ पटलावर ॲल्युमिनियमचा थर चढवून त्याच्या कापलेल्या पट्ट्या. ती काळी पडत नाही, हिरवी पडत नाही, धुतली तरी काही होत नाही. काडी लावून बघायची दुकानदारांची पद्धत असते. प्लास्टिक वितळून त्याचा कडक मणी होतो, रेशीम जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, सुती धाग्याची मऊ राख पडते. पण चाळीस-पन्नास वर्षं ट्रंकेत राहिलेल्या वस्तूला काडी लावायची गरज नसते. चांदीला गंधकाची वाफ लागली की ती काळी होते, तांब्याला दमट हवा आणि घाम लागला की ते हिरवं होतं, आणि मुंबईच्या हवेत दोन्हींना काही कमी नाही. नवी असताना जी सगळी एकसारखी पिवळी दिसत असणार, त्या जरीतली खरी कुठली आणि नकली कुठली, हे आत्याने कधी सांगितलं नव्हतं. ते आता आपोआप उघडं पडलं होतं.

म्हणजे कमळ, मोर, शिखर, लोकांना दिसणारं जेवढं होतं ते सगळं तांब्याचं. आणि खरी चांदी एकाच ठिकाणी, आतल्या काठाला, जिथे प्रेक्षकांतला एकही माणूस कधी बघणार नव्हता.

आधी मला वाटलं, उरलेली पट्टी असेल, कुठे तरी लावून टाकली असेल. पण ती पट्टी भरलेली नव्हती, विणलेली होती. रुईफुलांचा काठ, रेशमी, खालची बाजू कपाळाकडे आणि हाताला अजूनही मऊ. तो काठ मी ओळखते. आत्याच्या लग्नाच्या फोटोत, काळ्यापांढऱ्या, तिच्या खांद्यावरून खाली आलेला आहे. संपाच्या काळात दारावर जुनी जर घेणारे यायचे. साडी जाळून त्यातली चांदी काढायचे आणि वजनावर पैसे द्यायचे. आधी पितळेचे हंडे गेले, मग शालू गेला, एवढं आईकडून ऐकलं होतं. हा तुकडा मात्र त्याच्या आधीच कापला गेला असणार, कारण मुकुट संपाच्या आधीचा आहे. नव्या शालूचा बोटभर काठ कापून बाई मुकुटाच्या आतून लावते, याचं कारण काय असेल यावर मी बराच विचार केला. कारण अगदी साधं असावं. तांब्याची जर घामाने कपाळावर हिरवा डाग पाडते, आणि टोकं बाहेर आली तर टोचते. गणपतीचं सोंग घेणाऱ्याला तो मुकुट आणि सोंडेचा मुखवटा लावून बराच वेळ नाचावं लागायचं. आमच्या मंडळात ते सोंग आतोबा घ्यायचे.

जुनं काम उसवायला घेतलं. कात्रीने नाही, ब्लेडच्या अर्ध्या पात्याने, मागून. मागून बघितल्याशिवाय जरीचं काम कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढून कमळाची पाकळी पूर्ण सोन्याची वाटते, मागे मात्र नुसते पिवळ्या दोऱ्याचे बारके टाके असतात, एका ओळीत. कारण कलाबतू कापडातून ओढायची नसते. सुईच्या नाकातून आणि मखमलीतून दोन-चारदा गेली की वरची तार उसवते आणि आतलं रेशीम उघडं पडतं. ती कापडावर नुसती ठेवायची आणि मेण लावलेल्या दुसऱ्या दोऱ्याने जागोजागी बांधायची. सरळ रेषेत टाके लांब लांब, वळणावर जवळ जवळ, आणि टोकाशी पोचलं की तिला दुमडून पुन्हा शेजारून परत आणायचं. फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं टोक मोठ्या नाकाच्या सुईने मागे न्यायचं आणि तिथे शिवून टाकायचं. पाकळीला उठाव हवा तर खाली पुठ्ठ्याचा पाकळीएवढा तुकडा. सलम्याचं वेगळं. ती तारेची बारीक पोकळ स्प्रिंग असते, तिचे तुकडे कापून मण्यासारखे सुईत ओवायचे. कापताना तुकडे उडतात, म्हणून ताटलीत मखमलीची चिंधी अंथरून त्यावर कापायचे. तुकडा जरासा मोठा झाला तर फुगून उभा राहतो, लहान पडला तर खालचा दोरा दिसतो. प्रत्येक तुकडा नजरेनेच मापायचा, दुसरं माप नाही. आत्याच्या कमळात कोरा सलमा आणि चिकना सलमा एकाआड एक होते, मंद आणि चकचकीत. पहिल्यांदा मला ते कारण नसताना केलेलं वाटलं. सगळाच चिकना लावला असता तर जास्त चमकलं असतं ना?

ते रात्री कळलं. भरलेली पहिली पाकळी हातात घेऊन मी ट्यूबलाइटखाली उभी राहिले, काहीच घडलं नाही. मग दिवा बंद केला आणि देवापुढच्या समईच्या उजेडात पाकळी हळूहळू फिरवली. चिकन्या सलम्यावर एक ठिणगी उठली, सरकली, विझली, पुढच्या तुकड्यावर उठली. मधला कोरा सलमा नसता तर त्या सगळ्या ठिणग्या एकमेकींत मिसळून नुसता लखलखाट झाला असता. मंद धागा शेजारी असतो म्हणूनच चमकणारा धागा वेगळा दिसतो. जरीच्या पिळाचा प्रत्येक वेढा वळणदार असतो, त्यामुळे उजेड एका बिंदूवरून आला तर प्रत्येक वेढ्यावर त्याचा एकेक ठिपका पडतो, आणि माणूस हलला की सगळे ठिपके जागा बदलतात. गॅसबत्तीच्या उजेडात नमन बघितलेल्यांना हे माहीत आहे. बत्ती एका बाजूला टांगलेली, तिचा उजेड मधूनच बसायचा आणि पुन्हा चढायचा, आणि गणपतीने नुसती मान हलवली तरी सगळा मुकुट जागा व्हायचा. आताच्या नाट्यगृहात एलईडीचा उजेड भातावर वरण ओतल्यासारखा सगळीकडून सारखा येतो, त्यात जर बापडी करणार काय? म्हणून पोशाखवाले जाड जर, मोठ्या टिकल्या, आरसे, प्लास्टिकचे हिरे लावत सुटतात. भुलेश्वरच्या काकांचं चुकत नाही. लांबून बारीक काम मरतंच. पण ते नुसतं अंतराने मरत नाही, उजेडानेही मरतं, आणि उजेड बदलता येतो. मी भाच्याला सांगून ठेवलंय, गण चालू असताना समोरचे दिवे कमी करा आणि एकच दिवा बाजूने, खालून द्या.

लांबून कुणाला कळणार आहे, हा युक्तिवाद बालगंधर्वांनी मानला असता तर त्यांची कंपनी कदाचित कर्जात गेली नसती. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तिच्या खर्चाच्या कथा मराठी घरांतून अजून सांगितल्या जातात. खरे शालू, खऱ्या पैठण्या, खरं अत्तर. शेवटच्या रांगेत बसलेल्याला त्या पदराची जर सुरतेची चांदीची आहे की तांब्याची, हे कळायचा काही मार्ग नव्हता. हिशेबाच्या वहीच्या बाजूने बघितलं तर ती उधळपट्टीच. मला मात्र आत्याचा मुकुट हातात घेतल्यापासून ते वेगळं दिसायला लागलंय. खरा शालू जड असतो, त्याचा पदर खांद्यावरून त्याच्या वजनाने पडतो, निऱ्या पायात वेगळ्या हलतात. तो नेसलेल्या माणसाचं चालणं बदलतं, बसणं बदलतं. प्रेक्षकाला जर कळत नाही, चालणं कळतं. पुरुषाने बाईचं चालणं अंगात आणायचं तर अंगावर जे आहे ते खोटं असून कसं चालेल, असं त्यांना वाटलं असेल तर मी ते समजू शकते. त्यांचं कर्जही समजू शकते, आणि ते ज्यांना फेडावं लागलं त्यांचा रागही.

आणि एक अंतर आहे ज्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मुंबईत लग्नाच्या लेहेंग्यांवर, सिनेमाच्या पोशाखांवर, परदेशात जाणाऱ्या झग्यांवर जे जरीकाम होतं, ते धारावीत, मदनपुऱ्यात, गोवंडीत, कुर्ल्यात अड्ड्यांवर, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटींवर, बसलेली माणसं करतात. बरीचशी बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली. मुकुटाच्या मोरांची पिसं मला जमेनात म्हणून मी अशा एका अड्ड्यावर गेले होते. शिडीने वर चढायचं, वरच्या माळ्यावर ताठ उभं राहता येत नाही. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, भोवती जमिनीवर बसलेले चार कारागीर, डोक्यावर वीतभरावर आणून टांगलेली ट्यूब. आरी, म्हणजे आकडीची सुई, वरून खाली जाते, खाली डावा हात दोरा घेऊन तयार असतो, तो आरीच्या नाकात अडकवतो, आरी वर येते. खालचा हात दिसत नाही, तो सगळं अंदाजाने करतो. वय झालेल्या एका कारागिराने माझं मोराचं चित्र बघितलं, खडूने दोन रेषा बदलल्या आणि पिसाचा डोळा अर्ध्या तासात भरून दाखवला. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "पहले आँख जाती है, फिर कमर." तो या कामात लहानपणीच आला होता. २००५ साली गोवंडीतल्या जरीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या, तिथून लहान मुलं बाहेर काढली गेली, तेव्हा वर्तमानपत्रं भरून बातम्या आल्या होत्या. बारीक कामाला बारीक बोटं आणि ताजी नजर लागते, म्हणून मुलं. ती जर घातलेला माणूस स्टेजवर किंवा मांडवात उभा राहतो तेव्हा लोक त्याच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर असतात. ती भरणाऱ्याचं नाक मात्र तिच्यापासून वीतभरही लांब नसतं, दिवसाचे दहा-बारा तास. मी पिसांचे पैसे त्याने सांगितले तेवढे दिले. घासाघीस करायला जीभ वळली नाही.

भाच्याचं या सगळ्यावर एकच म्हणणं होतं. "मावशी, ग्लू गन आण. लेस चिकटव, वर डायमंड लाव, एका रात्रीत होईल. लालबागला कारखान्यात बघ की, वीस फुटी मूर्तीला अख्खं सोवळं चिकटवतात." तो खोटं बोलत नाही. गणपतीच्या कारखान्यांत आता रंगवलेल्या पितांबराच्या जागी खरं कापड येतं, त्यावर जर, खडे, फेट्याला तुरा, आणि ते चिकटवणारी पोरं शिडीवर उभी राहून जे करतात ते कौशल्याचंच काम आहे. गर्दीतून, रांगेतून, पुलावरून बघायच्या मूर्तीला ते शोभतंही. पण मूर्ती घाम गाळत नाही. ग्लू गनचा चिकट थर कडक होतो, त्याच्या कडा धारदार राहतात. शिवाय गोंद कलाबतूत मुरला की तिची चमक जाते आणि पुन्हा उसवता येत नाही, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कुणाला तो मुकुट दुरुस्त करायचा झाला तर फेकूनच द्यावा लागेल. कागदाच्या मुखवट्यावर शिवता येत नाही, हे मान्य. तिथे मखमलीवर वेगळं भरून, कडा दुमडून, ते खळीने बसवायचं, जसं आत्याने केलं होतं. मुखवटा घट्ट दाबून रात्रभर तसाच ठेवायचा. वेळ जास्त लागतो, यावर माझ्याकडे उत्तर नाही, लागतो.

बाहेरचं काम शेवटी मी जाड जरीनेच केलं. भुलेश्वरच्या काकांनी दिलेल्याच. बारीक कलाबतू फक्त कमळाच्या आत, जिथे मंद आणि चकचकीत यांची अदलाबदल हवी होती. आतल्या काठाची पट्टी उसवली नाही. कडेला दोन ठिकाणी झिजली होती तिथे मागून मलमल लावली आणि काळी पडलेली चांदी तशीच राहू दिली, घासली तर वरचं सोन्याचं पाणी जाईल. गणपतीचं सोंग घेणारा मुलगा मेट्रोच्या कामावर असतो, दिवसभर हेल्मेट घालून. तालमीला पहिल्यांदा मुकुट चढवला तेव्हा सगळे मोबाइल काढून उभे राहिले, भाचा ओरडला, काय दिसतोय रे! तो मात्र मुखवट्याच्या आतून काही तरी बोलत होता, कुणाला ऐकू येत नव्हतं. मी जवळ गेले. तो म्हणाला, "काकी, डोळ्यांची भोकं जरा खाली घ्या. समोरचं दिसतं पण पाय दिसत नाहीत. आणि डाव्या कानामागे काहीतरी टोचतंय." कानामागे मोराच्या पिसाचं एक टोक मागे नेऊन शिवायचं राहिलं होतं. ते मी तिथेच, त्याला खुर्चीवर बसवून, मुकुट डोक्यावरून न काढता शिवलं. भोकं दुसऱ्या दिवशी खाली घेतली. कपाळाबद्दल त्याने काही तक्रार केली नाही.

आता रावणाचं चाललंय. आमच्या रावणाचं मधलं तोंड सोंग घेणाऱ्याचं स्वतःचं, आणि बाकीची नऊ कागदी, एका लांब फळीवर बसवलेली, एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार. नऊ तोंडं म्हणजे नऊ मुकुट. भाच्याने आकडा सांगितलाय, त्या पैशात सगळ्यांना प्लास्टिकची जर लावली तरच जमेल, आणि या वेळी मी वाद घातला नाही. ती तोंडं लांबूनच बघायची आहेत, त्यांच्या आत कुणी नाही. माझं भांडण वजनावरून चाललंय. जर, टिकल्या, पुठ्ठा, खळ, सगळं मिळून फळी चांगलीच जड झालीय आणि एका बाजूला तोंड जास्त असल्यामुळे ती कलते. भाचा म्हणतो, सगळ्यांवरची थोडी थोडी कमी कर म्हणजे फरक दिसणार नाही. मी म्हणते, दोन्ही टोकांच्या तोंडांची पूर्ण काढू, नुसता पिवळा रंग देऊ. वजन टोकाला असलं की मानेला ओढ जास्त बसते, आणि रावणाला वगात शेवटपर्यंत उभं राहायचं असतं.